‘मायक्रोवेव्ह-सेफ’ डब्यांचा संच : चार वर्षांच्या वापरानंतर

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीत मी पॉलिप्रॉपिलीन या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या सात डब्यांचा एक संच साडेसहाशे रुपयांना घेतला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते याच प्रकारच्या बहुतेक डब्यांना लागू पडेल.

कोरड्या साठवणीसाठी हे डबे उत्तम आहेत. वजनाला हलके, एकात एक बसणारे, आणि झाकण इतके घट्ट की भर पावसाळ्यातही पोहे सादळले नाहीत. तक्रार सुरू होते ती आमटीपासून. उरलेली आमटी एकदा डब्यातच गरम केली आणि आतल्या बाजूला हळदीचा जो पिवळा डाग बसला, तो कोणत्याही साबणाने निघाला नाही. हळदीतील रंगद्रव्य तेलात विरघळते, आणि हे प्लॅस्टिकही पेट्रोलियमपासूनच बनलेले, तेलाशी सलगी करणारे असल्यामुळे गरम फोडणीतला रंग थेट त्याच्या अंगात मुरतो. डब्याची भिंत आपल्याला वाटते तितकी अभेद्य नाही, हे त्या डागाने मला कोणत्याही अहवालाच्या आधी सांगितले.

वेष्टनावर ‘बीपीए-मुक्त’ असे ठळक छापले होते. बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे आरोग्याला घातक मानले जाणारे रसायन पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लॅस्टिक बनवताना लागते, पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते मुळात वापरतच नाहीत. म्हणजे शेंगदाण्याच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे छापण्यासारखाच हा प्रकार. ‘मायक्रोवेव्ह-सेफ’ या शब्दांनी मात्र माझी अधिक दिशाभूल केली. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे डबा मायक्रोवेव्हमध्ये वाकडा होत नाही, आणि त्या शब्दांचा भर मुख्यतः तेवढ्यावरच असतो. अन्नात काही उतरणारच नाही, अशी हमी त्यात नसते. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांतही वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांना किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. मर्यादा आहे, याचा अर्थ थोडेफार उतरते हे गृहीतच धरलेले आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये याच प्लॅस्टिकच्या बाळांच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा पाणी २५ ऐवजी ९५ अंशांचे वापरल्यावर लिटरमागे सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्मकणांची संख्या सुमारे ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेली. हे कण शरीरात नेमके काय करतात यावर संशोधन अजून चालू आहे, पण ते पूर्ण होईपर्यंत आमटी त्यात उकळत ठेवण्याची मला हौस नाही. आता गरम करायचे ते काचेच्या भांड्यात. ते जड आहे, आणि एक फुटलेही, हे कबूल करतो.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर तिसऱ्या वर्षी दोन झाकणांच्या कडा तडकल्या. सुटे झाकण विकत मिळत नाही, म्हणजे झाकणापायी धडधाकट डबा बाद. महाराष्ट्रातील २०१८ ची प्लॅस्टिकबंदी मुख्यतः पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंसाठी असल्याने असे डबे तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा, म्हणजे पुनर्वापरासाठी प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी खूण, असला तरी आमच्या भंगारवाल्याने ते दोन डबे हातात घेऊन परत दिले. आईच्या लग्नातला, नाव आणि तारीख घातलेला स्टीलचा डबा त्याच फळीवर आजही आहे. त्याची कडी तेवढी एकदा बदलावी लागली.

हळदीचा डाग उन्हाने फिका होतो, असे शेजारच्या काकूंनी सांगितले होते आणि ते खरे आहे. म्हणून बिनझाकणाचा एक डबा गच्चीत ठेवला, पुढे त्यात पुदिना लावला. डाग गेला. पण त्याच उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि गेल्या महिन्यात डबा उचलायला गेलो तर कड हातात आली आणि तिचा चुरा मातीत पडला. दिसले तेवढे तुकडे वेचून काढले. त्या पुदिन्याची चटणी मात्र घरात कोणी केली नाही.