नव्व्याण्णव रुपयांत एक्सेल-टॅली : किट उघडल्यावर आत काय निघतं

जाहिरात बहुतेकांच्या डोळ्यांखालून गेलेली असते. लोकलच्या डब्यात दाराजवळ चिकटवलेली, नाहीतर मोबाइलवर सरकत आलेली. ‘घरबसल्या एक्सेल, टॅली, मराठी टायपिंग शिका. फक्त ९९ रुपये. सरकारमान्य सर्टिफिकेट. शिकल्यावर कामाची हमी.’ एक्सेल म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर, टॅली म्हणजे हिशेबाचं. कांजूरमार्गच्या, बारावी कॉमर्स झालेल्या एका मुलीने हे किट मागवलं. आधी ९९ गेले, पाठोपाठ ४,९९९ गेले आणि शेवटी आणखी ६,८०० भरा म्हणून ‘वकिलाची नोटीस’ आली. तिच्याकडची दोन पुस्तकं, पेनड्राइव्ह, सर्टिफिकेट आणि कामाचं ॲग्रीमेंट पानन् पान तपासून हे लिहिलं आहे. विक्रेत्याचं नाव देण्यात अर्थ नाही. नाव बदलून तेच किट पुन्हा बाजारात येतं.

पहिला गंडा पैसे भरतानाच पडतो. लिंकवर क्लिक केलं की यूपीआय ॲप उघडतं, आणि साध्या पेमेंटऐवजी ऑटोपेची, म्हणजे पुढेही खात्यातून आपोआप पैसे कापू देण्याची मंजुरी समोर येते. मोठ्या अक्षरांत ९९ दिसतात. खाली बारीक अक्षरांत कमाल रक्कम ४,९९९, आणि किती वेळा कापायचे त्या जागी महिन्याऐवजी ‘ॲज प्रेझेंटेड’, म्हणजे समोरचा मागेल तेव्हा. पिन टाकला की मंजुरी दिली गेली. पुढच्या खेपेला १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा पिन न विचारता खात्यातून जाऊ शकते. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण बँकेच्या ढीगभर मेसेजमध्ये ती कोण वाचतो? म्हणून ९९ भरल्यावर लगेच यूपीआय ॲपमधलं ऑटोपे किंवा मॅन्डेट हे पान उघडून बघा. अनोळखी नाव दिसलं तर तिथेच रद्द करा. नुसतं ॲप डिलीट केल्याने मॅन्डेट जात नाही.

आता पुस्तकं. नवशिक्याला इथलं खोटं दिसत नाही, कारण खोटं ओळखण्यापुरतं ज्ञान असतं तर पुस्तक घेतलंच नसतं.

एक्सेलच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ नवं, चकचकीत. पहिलाच धडा सांगतो, ‘डाव्या कोपऱ्यातल्या गोल ऑफिस बटणावर क्लिक करा.’ ते गोल बटण एक्सेल २००७ मध्ये होतं आणि २०१० मध्ये गेलंसुद्धा. त्या जागी फाइल हा टॅब आला. ऑफिस २००७ ला सुरक्षेचे अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१७ मध्येच थांबवलं. पुढच्या एका धड्यात शीटमध्ये ६५,५३६ ओळी असतात असं छापलंय. तो आकडा २००३ चा. २००७ पासून ओळी १०,४८,५७६ आहेत. म्हणजे एकाच पुस्तकात दोन वेगवेगळ्या जुन्या पुस्तकांची पानं शिवलेली. शिकणारी मुलगी समोरच्या नव्या एक्सेलमध्ये गोल बटण शोधत बसते आणि आपल्यालाच काही जमत नाही असं धरून चालते.

जुनं पुस्तक एक वेळ परवडलं, बेरीज-वजाबाकी बदललेली नाही. चुकीचं शिकवणारं पान जास्त महागात पडतं. या पुस्तकात व्हीलुकअपचं, म्हणजे यादीतून माहिती शोधून आणणाऱ्या सूत्राचं उदाहरण आहे: कर्मचाऱ्याच्या नंबरवरून पगार शोधा. सूत्रात तीनच गोष्टी दिल्यात: काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या कॉलममधून उत्तर आणायचं. चौथी गोष्ट, म्हणजे शेवटचं ‘फॉल्स’, गाळलंय. ते नसलं की एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतं आणि नेमका नंबर सापडला नाही तर त्याच्या अलीकडचा उचलतं. यादी उलटसुलट असेल तर एकाचा पगार दुसऱ्याच्या नावापुढे येतो. लाल खूण नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, समोर छान आकडा दिसतो. त्यात डॉलरच्या खुणेचा उल्लेखच नाही. सूत्र खाली ओढलं की ए२ ते सी२० ही रेंज ए३ ते सी२१ होते, मग ए४ ते सी२२, आणि वरची नावं एकेक करून शोधातून गळतात. रेंज निवडल्यावर एफ४ दाबलं की डॉलरची खूण लागते आणि रेंज जागेवर बांधली जाते. एका ओळीची गोष्ट, पण एवढ्या जाड पुस्तकात तिला जागा मिळालेली नाही.

टॅलीचा भाग त्याहून वाईट. नवी कंपनी तयार करायला ऑल्ट आणि एफ३ दाबा असं लिहिलंय, ती टॅली ईआरपी ९ ची रीत. टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, त्यात नव्या कंपनीसाठी ऑल्ट आणि के. विचारलं तर विक्रेता म्हणतो, ‘मॅडम, टॅली सगळीकडे सेम असतं.’ अर्धं खरं असल्यामुळे ते खपतं. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८, पर्चेसला एफ९ या कळा दोन्हीकडे तशाच आहेत. पण क्रेडिट नोट, म्हणजे विकलेला माल परत आल्यावर करायची नोंद, पूर्वी कंट्रोल आणि एफ८ वर होती, आता ऑल्ट आणि एफ६ वर आहे. त्यापुढे व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सवर लांबलचक प्रकरण! त्यांच्या जागी जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू आहे. मालाच्या बिलावर व्हॅट लावायला शिकलेल्या माणसाला मशीद बंदरातला घाऊक व्यापारी दुसऱ्या दिवशी कामावर येऊ देणार नाही. जीएसटीचा धडा असलेलं पुस्तक मिळालं तरी दर तपासा. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरून गेलेत.

मराठी टायपिंगचा भाग जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशी पद्धत) नसलेल्या फॉन्टवर आहे. छापखान्यात ते अजून चालतं. पण ऑफिसात त्या फॉन्टमधलं पत्र मेल केलं आणि समोरच्याच्या मशीनवर फॉन्ट नसला की त्याला इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की युनिकोड कीबोर्ड फुकट मिळतो.

पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ आहेत. यूट्यूबवर फुकट दिसणारेच, कोपऱ्यातलं चॅनेलचं नाव तेवढं धूसर केलेलं. पुस्तक म्हणतं ‘सरावाची सेल्स नावाची फाइल उघडा’, ती फाइल पेनड्राइव्हमध्ये नाहीच. आहे ते ‘ऑफिस फुल व्हर्जन’ नावाचं फोल्डर आणि सूचनांचा कागद: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ॲक्टिव्हेटर चालवा. इथेच थांबा. ॲक्टिव्हेटर म्हणजे लायसन्स न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्राम. लायसन्सचं सॉफ्टवेअर कधीही अँटिव्हायरस बंद करायला सांगत नाही. असल्या ॲक्टिव्हेटरबरोबर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास येतात. कोणी चालवलंच असेल तर इंटरनेट बंद करा, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, आणि विंडोज नव्याने टाकून घ्या. नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही.

यातलं काहीच विकत घ्यायची गरज नसते, हे जास्त चीड आणणारं आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं काढलं की ब्राउझरमध्ये एक्सेल फुकट चालतं. एक्सेलसारखंच लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे. टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवून एज्युकेशनल मोडमध्ये विनामूल्य वापरता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी होतात, सरावाला तेवढ्या पुरतात. आपल्या पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम लिब्रेऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे देतो, मराठीतसुद्धा. बघायचं, थांबवायचं, तेच आपल्या मशीनवर करायचं, अशीच त्यांची रचना आहे. पुस्तकच हवं असेल तर फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या फुटपाथवरून घ्या, पण उभ्या उभ्या तीन गोष्टी बघून: गोल ऑफिस बटण आहे का, टॅलीत नवी कंपनी बनवायला ऑल्ट-एफ३ सांगितलंय का, व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स आहे का.

सर्टिफिकेटवर सोनेरी किनार, क्यूआर कोड आणि खाली तीन नंबर. एक उद्यम नोंदणीचा. ती आधारवर कुठलाही छोटा धंदा ऑनलाइन, फुकट करू शकतो. दुसरा आयएसओ ९००१ चा. तो धंद्याच्या व्यवस्थापन पद्धतीचा असतो, अभ्यासक्रमाचा नव्हे. तिसरा चक्क गुमास्त्याचा, म्हणजे दुकान आहे एवढाच पुरावा. क्यूआर स्कॅन केला की विक्रेत्याचीच वेबसाइट उघडते आणि सर्टिफिकेट खरं असल्याचं विक्रेताच सांगतो. राज्य शासनाच्या नोकरीत संगणकाची अट असेल तिथे एमकेसीएल या संस्थेची एमएस-सीआयटी किंवा केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेची सीसीसी ही परीक्षा विचारतात. टंकलेखनाला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही परीक्षा. सीसीसीला कुठल्याही क्लासशिवाय थेट अर्ज करता येतो. खासगी ऑफिसात तर कागद बाजूला ठेवून एक फाइल उघडून देतात आणि ‘याचं पिव्होट करून दाखव’, म्हणजे आकड्यांचा सारांश-तक्ता बनव, म्हणतात.

सगळ्यात कडक भाग कामाच्या हमीचा. किट संपवल्यावर त्या मुलीला डेटा एन्ट्रीचं काम मिळालं: पाच दिवसांत ५०० फॉर्म, अचूकता ९५ टक्के, त्याखाली गेलं तर ‘पोर्टलचा खर्च’ भरायचा. ॲग्रीमेंटवर आधारच्या ओटीपीने सही. फॉर्म मुद्दाम अंधुक चित्रांत दिलेले. त्यांत इंग्रजी छोटा एल आणि एक, मोठा ओ आणि शून्य वेगळे ओळखू येत नाहीत. पत्त्यात दोन शब्दांमध्ये कुठे एक जागा, कुठे दोन. तपासणी अक्षराला अक्षर लावून होते, म्हणून शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा चूक ठरते आणि एका चुकीपायी अख्खा फॉर्म बाद. पाचव्या दिवशी पोर्टल संध्याकाळपासून उघडतच नाही. कुठला फॉर्म कुठे चुकला हे मागूनही दाखवत नाहीत. पास होण्यासाठी ते काम बनवलेलंच नसतं.

मग व्हॉट्सॲपवर नोटीस. वर न्यायदेवतेचं चित्र, खाली शिक्का, ‘२४ तासांत ६,८०० भरा, नाहीतर अटक’. सोबत यूपीआय नंबर. घाबरायचं कारण नाही. टायपिंग चुकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत, आणि समन्स कोर्टाकडून येतं, कोणाच्या मोबाइलवरून नव्हे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईपलीकडे मिळत नाही, आणि ठरवतं ते कोर्ट. एकदा पैसे भरणाऱ्याला पुढच्या आठवड्यात दुसरी नोटीस येते, म्हणून एक रुपयाही देऊ नका. त्या मुलीने दिला नाही, आणि चार-पाच फोननंतर ते गप्प झाले.

पैसे गेलेच असतील तर वेळ दवडू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तोवरच ते अडवता येतात. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, तो यूपीआय ॲपच्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता झीरो एफआयआर नोंदवायला सांगा. किटच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही शहरातला असो. मुदत दोन वर्षांची.

हे सगळं होईपर्यंत त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. आधी चॅट एक्सपोर्ट करा, जाहिरातीचा आणि ऑटोपेच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, किटचं पार्सल आलेल्या खोक्यावरचं लेबल कापून जपून ठेवा. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच असतो.