हरित इमारतीत दहा महिने: प्लास्टरच्या आत काय होतं ते आता कळतंय

पुण्यात एरंडवण्यातली आमची जुनी तीनमजली इमारत २०२१ च्या दिवाळीनंतर पाडली आणि २०२४ च्या गणपतीत नव्या घराचा ताबा मिळाला. मधली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी साइटवर जायचे. हातात वही आणि टेप, फोटो काढायला फोन. बिल्डरच्या माहितीपत्रकावर हिरवं पान होतं, सल्लागाराचं प्रमाणपत्र येणार होतं. मला मात्र भिंती उघड्या असतानाच सगळं बघायचं होतं, कारण एकदा प्लास्टर चढलं की विचारायला काही उरत नाही. आता दहा महिने राहून झाले. आजूबाजूच्या कितीतरी सोसायट्या याच वाटेवर आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

भिंती एएसी ब्लॉकच्या आहेत. साइटवर सगळे त्याला सायपोरेक्सच म्हणतात. औष्णिक वीजकेंद्रातली राख, चुना, सिमेंट आणि फेस आणणारी अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, हे सगळं वाफेवर पक्कं करतात; विटेसारखी भट्टी लागत नाही. एका घनमीटरचं वजन साधारण ६०० किलो, म्हणजे भाजक्या विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. ब्लॉकमधल्या बारीक पोकळ्यांमुळे उष्णता सावकाश आत येते, हे खरं आहे आणि अंगाला जाणवतं. जुन्या घरात एप्रिलच्या रात्री भिंतीला हात लावला की ती तव्यासारखी लागायची. इथे तसं होत नाही.

पण हा ब्लॉक विटेच्या सवयीने लावला तर दगा देतो. त्याचा सांधा पातळ हवा, जेमतेम तीन मिलिमीटर, तोही खास चिकट मसाल्याचा. कॉलम-बीम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे प्लास्टरखाली जाळी हवी, कारण काँक्रीट आणि ब्लॉक सारखे आकसत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या वेळी मसाल्याच्या गोण्या आल्या नव्हत्या, तर गवंड्यांनी नेहमीच्या वाळू-सिमेंटमध्येच काम ओढलं, जाळीही मारली नाही. मी फोटो दाखवले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "ताई, पुट्टीत झाकलं जाईल." भांडून पुढचे मजले नीट करून घेतले, आमच्या हॉलचंही झालं, पण स्वयंपाकघराचं प्लास्टर तोवर चढलं होतं. आज त्या भिंतीवर बीमच्या खालून सरळ आडवी भेग आहे, नखाची कड आत जाईल एवढी. हॉलमध्ये एकही नाही. चौथ्या मजल्यापासून वर कुणाकडेच नाही. तीच माणसं, तेच ब्लॉक, फरक फक्त जाळीचा आणि मसाल्याचा.

राहायला येणाऱ्यांसाठी आणखी एक: या भिंतीत साधा प्लग टिकत नाही. आमचं मसाल्याच्या डब्यांचं शेल्फ पहिल्याच आठवड्यात भुकटीसकट बाहेर आलं. या ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉनचे प्लग मिळतात. गीझर किंवा टीव्ही लावायला येणाऱ्या मुलाला आधीच सांगा.

उन्हाबद्दल माझी एक समजूत बदलली. आपण दक्षिणेच्या भिंतीला घाबरतो. पण पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस असतो, सूर्य थेट डोक्यावर. तेव्हा भर दुपारी दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ काहीच ऊन नसतं. सगळा मार गच्चीवर आणि कलल्यावर पश्चिमेच्या खोल्यांवर. नकाशात पश्चिमेचे छज्जे दोन फूट होते, प्रत्यक्षात सव्वा फूट निघाले, आणि हे मी टेप लावला तेव्हाच कळलं. तोवर स्लॅब भरून झाला होता. एप्रिलमध्ये बाहेर ३९ अंश असताना दुपारी चारला उत्तरेच्या खोलीत ३१ आणि पश्चिमेच्या खोलीत साडेतेहेतीस, असं माझ्या वहीत आहे. शेवटी खिडकीच्या बाहेरून बांबूचे चिक लावले. आतल्या पडद्याने हे होत नाही, काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. चिक लावल्यावर दोन अंश उतरले.

पाण्याचं सांगायला हवं, कारण इथे सगळ्यांचा, माझाही, अंदाज चुकला होता. पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण म्हटलं की सगळे माना डोलावतात. आमची गच्ची ४००० चौरस फूट. पुण्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तर वर्षाला दोन लाख लिटर. छत्तीस घरं, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर या हिशोबाने ते पाणी जेमतेम दहा दिवसांचं आहे. त्याच १३५ पैकी ४५ लिटर फ्लशला जातात. म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरलं, तर गच्ची वर्षभरात देते तेवढं पाणी एका महिन्यात वाचतं. शिवाय खाली काळा कातळ आहे. पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलेलं पाणी भेगांतून कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. तरी खड्डा हवाच. पण पैसे आणि लक्ष आधी एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला द्या.

त्यासाठी पाण्याच्या दोन वेगळ्या लाइन लागतात. डक्ट उघडा होता तेव्हा एका रविवारी मी चौथ्या मजल्यावर पाइप मोजत उभी होते. संडासाच्या जेट स्प्रेची जोडणी प्लंबरने फ्लशच्या लाइनवरून घेतली होती. शुद्ध केलेलं असलं तरी ते सांडपाणीच, आणि ते अंगाला लागणार होतं. त्या उभ्या रांगेतल्या पाच घरांत तसंच निघालं. टाइल बसायच्या आत सगळं कापून नव्याने केलं. मी गेले नसते तर ते कुणालाही कधी दिसलं नसतं, याची मला अजून धास्ती वाटते.

एसटीपी डिसेंबरपर्यंत उत्तम चालला. मग वीज वाचवायची म्हणून आमच्याच कमिटीने त्यात हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात केली. पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते. आठवड्यात फ्लशचं पाणी पिवळट झालं, वास जिन्यापर्यंत आला, घरोघरी लोक म्हणायला लागले की हे नकोच, साधं पाणी जोडा. ब्लोअर पूर्ववत केल्यावर घडी बसायला पंधरा दिवस लागले. मी घरोघरी जाऊन समजावलं. वास पूर्ण गेला आहे.

सौरऊर्जेबद्दल तक्रार नाही. २० किलोवॅटचे पॅनेल, उन्हाळ्यात दिवसाला ऐंशीच्या आसपास युनिट, पावसाळ्यात निम्म्यावर. लिफ्ट, पंप आणि तो ब्लोअर बऱ्यापैकी त्यावर निघतात. निम्मी गच्ची पॅनेलच्या सावलीत असल्याने वरच्या मजल्यावरच्या काकू खूश आहेत. महापालिका अशा सोयींसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते, तिच्यासाठी आमचा अर्ज गेलेला आहे.

पुनर्भरणाच्या खड्ड्यातला गाळ मेच्या शेवटच्या रविवारी काढायचा ठरला होता. यंदा पाऊस मेमध्येच कोसळला आणि गच्चीवरची वर्षभराची धूळ पहिल्याच सरीत खाली उतरली. वरचा वाळूचा थर चिखलाने बंद झाला, पाणी पार्किंगमध्ये आलं. परवा चौघांनी मिळून तो थर उपसला, चाळून धुतला आणि परत भरला. पुढच्या वर्षीची तारीख १५ एप्रिल अशी नोटीस बोर्डावर लावली आहे.