बोंडअळीचं मॉडेल: आर घ्यावी की पायथन?

परभणी-हिंगोलीच्या कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या पिढ्यांचं मॉडेल लिहून सर्वांसाठी खुलं करायचं असेल, तर वापरणारे कोण हे आधी पाहा. आर आणि पायथन या दोन प्रोग्रॅमिंग भाषा. कीटकशास्त्राचे विद्यार्थी असतील तर आर बरी. हवामान खात्याच्या ग्रिड फाइली (नकाशाच्या चौकटीगणिक आकडे असलेल्या) वर्षानुवर्षांच्या चाळायच्या असतील, तर एक्सअ‍ॅरे या लायब्ररीमुळे पायथन सोपी पडते. (तापमानाचा ग्रिड मात्र अक्षांश-रेखांशाच्या १ अंशाचा, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरचा. तालुक्याचा अंदाज त्यातून निघत नाही.)

खरा फरक फवारणीपाशी दिसतो. त्या दिवशी अळ्यांची संख्या एकदम घसरते. आरच्या डीसॉल्व्ह या समीकरणं सोडवणाऱ्या पॅकेजला ही घट तारखेसह ‘इव्हेंट’ म्हणून देता येते, की झालं. पायथनमध्ये तेच काम करणाऱ्या, सायपाय लायब्ररीतल्या सॉल्व्ह-आयव्हीपीमधला इव्हेंट तो क्षण नुसता ओळखतो, संख्येला हात लावत नाही. गणित तिथे थांबवून घटलेल्या संख्येपासून पुन्हा सुरू करावं लागतं. याऐवजी एका दिवसापुरता वाढीव मृत्युदर समीकरणात कोंबला, तर सॉल्व्हर (समीकरण सोडवणारा प्रोग्रॅम) वेळेत लांब पाऊल टाकून फवारणीच ओलांडू शकतो. एरर येत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने कळत नाही.

उष्णतामानाच्या हिशेबात मात्र दोन्ही भाषा सारख्याच; चूक आपली. मे महिन्यात कमाल ४२, किमान २६. अळीची वाढ जिच्याखाली थांबते ती खालची मर्यादा १३ धरली तर साध्या सरासरीने दिवसाला २१ अंश-दिवस (वाढीला मिळालेली उष्णता) येतात. वरची मर्यादा ३४ लावून कमाल तिथेच कापली, तर १७. रोज ४ म्हणजे ३० दिवसांत १२० अंश-दिवस जादा, आणि पतंग निघायची तारीख उगाच अलीकडे सरकते. (मर्यादांचे आकडे उदाहरणापुरते.)

प्रकाशनात क्रॅन, म्हणजे आरच्या पॅकेजांचं भांडार, कडक. पॅकेज आधी तपासतात. पुढे बिघाड दुरुस्त झाला नाही किंवा देखभाल करणाऱ्याचा ईमेल बंद पडला, तरी अर्काइव्हमध्ये, म्हणजे चालू यादीबाहेर, टाकतात. एमएस्सी संपल्यावर बंद होणारा कॉलेजचा पत्ता म्हणूनच देऊ नये. पायथनच्या भांडारावर, पायपीआयवर, अशी तपासणी नाही. मोडकं पॅकेजही तिथे सुखाने राहतं.

लायसन्सची फाइल दोन्हीकडे विसरली जाते. ती नसेल, तर कोड दिसतो पण इतरांना तो वापरायचा हक्क मिळत नाही. डीसॉल्व्हचा कोड उचलून आपल्यात घातला, तर आपल्यालाही त्याचं जीपीएल लायसन्सच ठेवावं लागेल. सायपायचं बीएसडी लायसन्स त्या मानाने सैल.

आणि मॉडेल कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या गंधाने पतंग पकडणाऱ्या) नोंदींशी ताडताना एक्सेलमधल्या तारखा आधी तपासा: ०५/०७ हा ५ जुलै की ७ मे, हे दोन्ही भाषा विचारत नाहीत.