वाढत्या अंगाचं हेल्मेट: एका सीझननंतरचा अनुभव

शाळेचा गणवेश किंवा बूट घेताना आपण सगळे जे करतो, तेच मी गेल्या जुलैत लेकाचं फुटबॉल हेल्मेट घेताना केलं. एक माप मोठं घेतलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचाही सल्ला तोच होता, "अगं, जरा मोठंच घे. पुढच्या वर्षी होईल." एकशे साठ डॉलरची वस्तू चार महिन्यांसाठी कोण घेतं?

आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत राहतो. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. डॅलस काउबॉईज या व्यावसायिक टीमचं मुख्यालय गावातच आहे, त्यामुळे क्रिकेटची बॅट घेऊन वाढलेलं पोरही एक दिवस खांद्याला पॅड मागतंच. दोन वर्षं फ्लॅग फुटबॉल खेळून झालं (कमरेची पट्टी ओढायची, पाडापाडी नाही), तेव्हा हेल्मेटचा प्रश्न नव्हता. अकराव्या वर्षी टॅकलमध्ये गेला आणि घरात हेल्मेट आलं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. लेकाच्या टीममध्येच चार वेगवेगळ्या कंपन्यांची हेल्मेटं आहेत, आणि सगळा सीझन मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून काढल्यावर माझं मत असं झालंय की हेल्मेट कुठलं यापेक्षा ते डोक्यावर कसं बसलंय याला जास्त किंमत आहे. तेव्हा हा अनुभव अर्धा हेल्मेटचा आणि अर्धा ते बसवण्याचा समजा.

ऑगस्टमधली पहिली प्रॅक्टिस. कोचने एकेका मुलाला समोर उभं करून फेसमास्क (हेल्मेटची चेहऱ्यापुढची जाळी) धरला आणि डावीकडे-उजवीकडे फिरवला. बाकीच्या मुलांची डोकी हेल्मेटबरोबर फिरत होती. आमच्याकडे हेल्मेट फिरलं, डोकं होतं तिथेच राहिलं. आणखी थोडं फिरवलं असतं तर चिरंजीव कानाच्या भोकातून बाहेर बघत होते. कोच मला एवढंच म्हणाले की हे घालून तो कुणाला धडकणार नाही, नीट बसणारं मिळेपर्यंत त्याला कडेला पळू दे. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं होतं, त्यांनी एकदा मैदानावर गेलेलं हेल्मेट परत घ्यायला साफ नकार दिला. म्हणजे एकशे साठ पाण्यात.

घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली, जे खरं तर आधीच करायला हवं होतं. भुवयांच्या वर साधारण एक इंच, आणि मागे कवटीचा जिथे सगळ्यात जास्त फुगवटा असतो तिथून फिरवून मोजायचं. ५४ सेंटिमीटर भरलं. कंपनीच्या तक्त्यात ते सरळ मीडियममध्ये होतं आणि मी घेतलं होतं लार्ज. दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. मुलांचे पाय दर वर्षी एक नंबर वाढतात, पण डोकं तसं वाढत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर मोठ्या माणसाच्या घेराच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला असतो. पुढे ते वर्षाला अर्धा सेंटिमीटर वाढलं तरी खूप. म्हणजे वाढत्या अंगाचा हिशोब जिथे सगळ्यात कमी लागू पडतो, नेमक्या तिथेच मी तो लावला होता.

दुसरं हेल्मेट दुकानात जाऊन घेतलं. दोनशे तीस डॉलर. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, हायस्कूलच्या टीमचं सामान सांभाळण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी आधी पाण्याची बाटली मागितली आणि लेकाचे केस ओले केले. खेळताना डोकं घामाने भिजलेलंच असतं, म्हणून माप ओल्या डोक्यावर. केसांवरून त्यांनी विचारलंही, एवढे बारीक का? तर जूनच्या शेवटी पुण्यात मुंज झाली होती. घेरा ठेवून चकोट केलेल्या डोक्यावर जेमतेम बोटाच्या पेराएवढे केस आले होते. ते मला म्हणाले, सीझनमध्ये जेवढे केस असणार तेवढ्यावर माप घ्यायचं असतं, तेव्हा केस वाढले की परत ये. मी मान हलवली आणि विसरले. त्याची शिक्षा ऑक्टोबरात मिळाली, ती पुढे सांगते.

हेल्मेट घालायचीही रीत असते. अंगठे कानाच्या भोकांत घालून दोन्ही बाजू जरा फाकवायच्या आणि कपाळाकडून मागे सरकवत आणायचं. बसल्यावर पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. कानाची भोकं कानासमोर. मागे कवटीचा खालचा भाग झाकलेला. गालांवरचे जॉ पॅड गालांना चिकटलेले. आमच्याकडे डाव्या बाजूला फट होती, तर त्यांनी पॅड काढून जाड लावले. हे पॅड बटणासारखे निघतात आणि वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, हे मला ठाऊकच नव्हतं. फेसमास्क आणि नाक यांत तीन बोटं अंतर.

मग हवा. आमच्या हेल्मेटात आतल्या बाजूला फुगवायच्या पिशव्या आहेत, बाजूंना व मागे एक आणि टाळूवर एक. हेल्मेट डोक्यावर असतानाच हवा भरायची, आधी बाजूंची आणि मग टाळूची. पंपाच्या सुईला ग्लिसरीनचा थेंब लावायचा. कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्ह फाटतो. टाळूची पिशवी फुगायला लागली तसं हेल्मेट हळूहळू वर उचललं गेलं आणि भुवयांशी नेमकं आलं.

हनुवटीची पट्टी शेवटी. कप हनुवटीच्या बरोबर मधोमध, चारही टोकं बटणांत, सगळ्यांना सारखा ताण. मग परीक्षा. फेसमास्क धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचा आणि कपाळाच्या कातडीकडे बघायचं. कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बसलंय, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर नाही. दोन्ही हातांनी वरून दाबल्यावर दाब टाळूवर जाणवला पाहिजे, भुवयांवर नाही. पंधरा मिनिटं घालून ठेवलं आणि काढल्यावर कपाळ पाहिलं: सगळीकडे सारखा गुलाबी ठसा, थोड्या वेळात गेला. एकाच जागी लाल होऊन दुखत असतं तर चुकलंय असं समजायचं, म्हणाले.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. लेकाची पहिली तक्रार, "आई, घट्ट आहे." त्यावर ते गृहस्थ खूश झाले.

सप्टेंबर छान गेला. गणपतीत घरी आरती आणि संध्याकाळी प्रॅक्टिस असं चाललं होतं. लेकाला हेल्मेटच्या मागे बाप्पाचं स्टिकर लावायचं होतं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की कंपनीने मान्य केलेल्या रंग-स्टिकरांखेरीज काही लावू नका, डिंकातली किंवा रंगातली रसायनं वरच्या प्लॅस्टिकला कमकुवत करू शकतात. मुलांच्या हेल्मेटचं कवच बऱ्याचदा एबीएस प्लॅस्टिकचं असतं, मोठ्यांचं पॉलिकार्बोनेटचं. बाप्पा शेवटी पाण्याच्या बाटलीवर विराजमान झाले. वासाचा बंदोबस्तही त्याच पत्रकाने केला: कोमट पाणी आणि साधा साबण, जंतुनाशकं नकोत. नवऱ्याने डेटॉलची बाटली आणलीच होती, ती परत ठेवायला लावली. हेल्मेट गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, हे इथल्या उन्हात सांगावं लागू नये, पण निम्मे आईबाप तिथेच ठेवतात.

ऑक्टोबरच्या मध्यात लेक प्रॅक्टिसनंतर डोकं दुखतंय म्हणायला लागला. एका शनिवारी तर मॅचमध्ये टॅकल करताना हेल्मेट निघून गवतावर पडलं. हेल्मेट निघालं की पुढच्या खेळीला बाहेर बसावं लागतं, तसा तो आला आणि बाकावर बसला. डोकं दुखतंय का, विचारलं तर हो म्हणाला. कोचने त्या दिवशी परत खेळवलं नाही, आणि त्यांनी खेळवायचं ठरवलं असतं तरी मी खेळवू दिलं नसतं. धडक आणि डोकेदुखी एकत्र आली की कंकशन (मेंदूला बसलेला हादरा) नाही असं सिद्ध होईपर्यंत ते आहेच असं धरायचं. सोमवारी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तोल, नजर, लक्षात ठेवणं सगळं तपासलं. कंकशनची लक्षणं नव्हती. मग कपाळावरच्या गडद पट्ट्याकडे बघून त्यांनी विचारलं, हेल्मेट कधी बसवलं होतं?

ऑगस्टमध्ये. तेव्हा केस पेराएवढे होते, आता दोन-अडीच महिन्यांत दाट वाढले होते. तेच हेल्मेट, तीच हवा, आणि डोक्याभोवती केसांचा नवा थर. घट्ट झालं म्हणून लेकाने कुणाला न सांगता खालच्या पट्ट्या सैल केल्या होत्या, आणि म्हणून ते निघालं. घट्टपणाचा इलाज त्याने हनुवटीवर केला, दुखणं होतं टाळूवर. त्याच संध्याकाळी केस कापून आणले, हेल्मेट डोक्यावर ठेवून थोडी हवा सोडली आणि पट्ट्या परत मापात आणल्या. तेव्हापासून दर शनिवारी मॅचच्या आधी गाडीच्या मागे त्याला उभं करून फेसमास्क हलवते. दोन मिनिटांचं काम. त्याला मित्रांसमोर लाज वाटते, वाटू दे.

नोव्हेंबरात उलटं झालं. ऑगस्टच्या प्रॅक्टिसला पारा अडतीसच्या आसपास असायचा. नोव्हेंबरमध्ये उत्तरेचं वारं आलं आणि सकाळी आठच्या मॅचला पाच अंश. थंडीत पिशवीतल्या हवेचा दाब कमी होतो. तेहतीस अंशांचा फरक म्हणजे हिशोबाने दहा टक्क्यांच्या वर. हेल्मेट हलायला लागलं होतं. आता पंप आणि ग्लिसरीन खेळाच्या बॅगेतच असतं, आणि हवा घरच्या उबेत नाही, मैदानावर दहा मिनिटं थांबून तपासते.

ताऱ्यांबद्दल थोडं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ हेल्मेटांना तारे देतं, मोठ्यांच्या हेल्मेटांना २०११ पासून आणि मुलांच्या हेल्मेटांना २०१९ पासून. डोक्याला बसणारा सरळ धक्का आणि वळणारा झटका, दोन्ही त्यात मोजतात. विकत घेताना मी ते पाहिलं आणि पाहावंच. पण ते तारे प्रयोगशाळेतल्या नीट बसवलेल्या हेल्मेटचे असतात. माझं पहिलं लार्जसुद्धा चांगल्या ताऱ्यांचं होतं.

आणि हेल्मेटच्या मागे जे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते खरेदीच्या दिवशी एकदा मुलाबरोबर वाचा. कंकशन कुठलंच हेल्मेट थांबवू शकत नाही, हेल्मेटने कुणाला धडक द्यायची नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. कवच कवटी फुटण्यापासून वाचवतं, आत मेंदू हलतो तो हलतोच. १९६८ साली या खेळात थेट दुखापतीने ३६ जण गेले होते, १९९० साली एकही नाही. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या: १९७३ मध्ये हेल्मेटांना मानक आलं आणि १९७६ मध्ये डोकं पुढे करून टॅकल करण्यावर बंदी आली. लेकाच्या कोचचा अर्धा वेळ याच दुसऱ्या गोष्टीत जातो, डोकं बाजूला, खांदा पुढे. मला त्याबद्दल कोच हेल्मेटपेक्षा जास्त आवडतात.

तक्रारी? हनुवटीचा मऊ कप दोन-तीन महिन्यांत ताणला गेला, नवा घ्यावा लागला. फेसमास्कचा एक स्क्रू दर पंधरा दिवसांनी ढिला होतो. कानाशी घाम साठतो. वजन पहिल्या आठवड्यात मानेला जाणवलं, नंतर नाही. हवेची भानगड नसलेली हेल्मेटंही असतात, आणि ज्यांना दर आठवड्याला तपासायचा कंटाळा आहे त्यांनी ती पाहावीत. मात्र फेसमास्क हलवून बघणं तिथेही चुकत नाही.

सीझन संपल्यावर कवचाला तडा आहे का ते दिव्याखाली पाहिलं, नव्हता. दोन सीझन झाले की दुरुस्ती-तपासणीला पाठवणार आहे. ते काम करणाऱ्यांच्या संघटनेचे सदस्य दहा वर्षांहून जुनं हेल्मेट घेतच नाहीत. गराज सेलमध्ये वीस डॉलरला मिळणाऱ्या हेल्मेटच्या आतलं लेबल म्हणूनच आधी बघावं. हायस्कूलला गेल्यावर मोठ्यांचं घ्यावं लागेल, मुलांचं तिथे चालत नाही, तेव्हा जपून ठेवूनही याचं आयुष्य तीनच सीझनचं.

परवा नव्या सीझनसाठी परत टेप लावली. ५४.३ सेंटिमीटर. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "एवढंच? मग बुटांचं काय झालं?" बूट दीड नंबरने वाढलेत.

ते लार्ज अजून गराजमध्येच आहे. मंडळातल्या एका मैत्रिणीने मुलासाठी मागितलंय. रविवारी मुलाला घेऊन ये म्हटलंय, केस ओले करून.