एले ओपेलोगे की डिका तौआ : कोणाची कारकीर्द मोठी?

पॅसिफिकमधल्या या दोघी वेटलिफ्टर. सामोआची एले ओपेलोगे सर्वांत वजनी गटातली, तर पापुआ न्यू गिनीची डिका तौआ सर्वांत हलक्या गटांतली.

पदकच बघायचं तर एले पुढे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली होती. पुढे तिच्या वरच्या दोघी उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या आणि २०१६ मध्ये तिला रौप्य मिळालं. सामोआचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक! पण पोडियमवर उभं राहण्याचा तो क्षण तिला कोण परत देणार? २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र तिनं सुवर्ण थेट जिंकलं.

डिकाकडे ऑलिंपिक पदक नाही. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये तिचंही रौप्य असंच सुवर्ण झालं, पण काही दिवसांतच. आपल्या संतोषी मत्सालाही तेव्हा कांस्याऐवजी रौप्य मिळालं.

तरीही माझं मत डिकाला. सिडनी २००० मध्ये महिला वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा पहिलं वजन उचलणारी स्त्री तीच. त्यानंतर टोकियोत, मीराबाई चानूनं रौप्य जिंकलं त्याच ४९ किलो गटात, ३७ वर्षांची डिका पाचव्या ऑलिंपिकसाठी उतरली होती. वीस वर्षं शरीर हलक्या गटात टिकवणं मला पदकाहून अवघड वाटतं.