ठाण्याहून एका दिवसात नाशिकच्या वायनरी, तेही एप्रिलच्या उन्हात

एप्रिलमधे वायनरी बघायला कोण जातं, असं आमच्या सोसायटीत तिघींनी तरी विचारलं. खरंय, सगळे डिसेंबर-जानेवारीत जातात, थंडी असते, द्राक्षं वेलीवर असतात, फोटो छान येतात. पण आम्हाला चौघांना एकत्र सुट्टी मिळाली ती एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी. मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊ. टूरवाल्याचं पॅकेज घ्यायचं नाही, आपणच ठरवायचं, आपल्या वेळेने फिरायचं, एवढं पक्कं होतं. परत आल्यापासून बऱ्याच जणांनी कसं झालं विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग, त्यामुळे वेल म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलंय. पण आमची बाग टेबल द्राक्षाची, थॉमसनची. वाइनचं द्राक्ष वेगळं, दाणा बारीक, साल जाड, आत बी. खायला तोंडात टाकलं तर गोड भरपूर लागतं पण मजा येत नाही. थॉमसनचा मणी लांब व्हावा म्हणून घड जीएच्या (जिबरेलिक अॅसिड, वाढीचं संप्रेरक) पाण्यात बुडवतात, ते डिपिंग वाइनच्या द्राक्षाला करत नाहीत, तिथे दाणा बारीकच हवा असतो, कारण रेडचा रंग आणि तो तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो. हे मला माहेरामुळे माहीत होतं, पण वाइन स्वतः नीट समजून कधी प्यायले नव्हते. म्हणून मला जायचंच होतं.

आधी गाडीचं. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर कृपया नका जाऊ. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा, पहिल्यांदा सापडलात तरी १०,००० पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब करा. एका टेस्टिंगला पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली धरली तर एका ठिकाणी १५० ते १८० मिली होते. तीन ठिकाणी मिळून अर्ध्या बाटलीच्या बरीच वर जाते, आणि वाइनमधे १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, वरून ऊन. आम्ही दिवसाच्या भाड्यावर ड्रायव्हर काका घेतले, कधीच न पिणारे, आणि हा दिवसातला सगळ्यात चांगला खर्च होता. ज्यांना गाडी नकोच त्यांनी ठाण्याहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडायची, नाशिक रोडला उतरून तिथे दिवसभराची टॅक्सी करायची, माझी मैत्रीण तसं करून आलीय आणि खुश होती.

आम्ही साडेसातला मानपाड्याहून निघालो. आता समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ पासून सुरू झालाय, त्यामुळे कसारा घाट लागतच नाही, इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे त्यातून बाहेर पडलं की हवाच बदललेली असते. ज्यांना घाटातला वडापाव हवाच असतो त्यांनी जुन्या रस्त्याने जावं, भाऊजींची तीच इच्छा होती पण बहुमत बोगद्याच्या बाजूने पडलं. टोल वेगळा लागतो ते धरून चला.

बहुतेक लोक आधी सरळ नाशिक गाठतात, मग गंगापूर धरणाच्या बाजूला सगळं एकदम करतात. आम्ही उलट केलं आणि तेच बरोबर ठरलं. इगतपुरीच्या बाजूला, मुकणे धरणाजवळ वॅलोने आहे, ठाण्याहून जाताना ती आधी लागते. सकाळी ऊन चढायच्या आत, जीभ ताजी असताना, शांत जागी पहिली टेस्टिंग करायची. लहान वायनरी आहे, आधी फोन करून जा. तिथे टेस्टिंग देणाऱ्या मुलाने घाई केली नाही. आधी व्हाइट, मग रोझे (गुलाबी), मग रेड, गोड सगळ्यात शेवटी, हा क्रम का ते त्याने आमच्याकडूनच काढून घेतलं. जाऊबाईला विचारलं, ताई आधी श्रीखंड खाल्लं आणि मग चहा प्यायला तर चहा कसा लागेल? झालं, तिला कळलं, मलाही कळलं.

त्यांची मालबेक ही रेड चांगली होती पण मी बोलणार आहे ती शेवटच्या गोड वाइनबद्दल, वाँ द पासरियाज नाव आहे. यात द्राक्षं वेलीवरच सुकू देतात, पाणी उडतं, साखर घट्ट होते आणि मग वाइन करतात. म्हणजे आपला बेदाणा करायच्या अर्ध्या वाटेवर थांबायचं. वास घेतला आणि मला आमच्या बेदाण्याच्या शेडमधला मार्च महिना आठवला, अगदी तोच वास, उन्हात तापलेला गोडसर. डोळ्यात पाणी आलं माझ्या. नवऱ्याला वाटलं चढली, पण नाही, एवढ्याशा घोटाने कुठे चढते. एक बाटली घेतली.

आता बागेबद्दल, कारण एप्रिलमधे जाणाऱ्यांची निराशा इथेच होते. बागेत हिरवं काही नव्हतं. नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या. आमच्या मागे पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना वाटलं बाग वाळली. वाळलेली नसते हो, ती खरड छाटणी असते! आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी. युरोपात थंडीत वेल झोपते, तिथे एकदाच छाटतात, आपल्याकडे तेवढी थंडी नाही म्हणून वेल झोपतच नाही, मग तिला कात्रीने वळण लावायचं. खरड छाटणीनंतर जी काडी येते तिच्यातच पुढच्या हंगामाच्या घडांची तयारी होते, आणि गोडी छाटणीनंतर त्या काडीवर घड बाहेर येतो, जो जानेवारी ते मार्चमधे तोडला जातो. म्हणजे एप्रिलमधे तुम्ही पुढच्या वर्षाच्या वाइनची सुरुवात बघताय. मला तर घड लगडलेल्या बागेपेक्षा ही उघडी बाग जास्त बोलकी वाटली, ओलांड्यावर बारीक लालसर फूट नुकती निघत होती. आणि आत टाक्यांमधे दोन-तीन महिन्यांपूर्वी तोडलेल्या द्राक्षांची वाइन तयार होत असते, ते जानेवारीत जाणाऱ्याला बघायला मिळत नाही.

तिथून नाशिक पाऊण-एक तास. दुपारी सुला. सुलाबद्दल लोक दोन्ही टोकाचं बोलतात, फार गर्दी, फार कमर्शियल वगैरे. गर्दी आहेच, शनिवारी दुपारी तर खूपच. पण ऐन दुपारच्या उन्हात वायनरीच्या आतली टूर घेणं ही माझ्या मते उन्हाळ्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना बाहेरून थंड पाणी खेळवणारी जॅकेट, कारण व्हाइटचं फर्मेंटेशन १५ डिग्रीच्या आसपास चालतं आणि बाहेर ३८. पिंपांच्या खोलीत शिरलो तर अंगावर काटा आला, गारव्याने आणि त्या ओल्या लाकडाच्या वासाने.

आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी. सुलाचे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले, आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, तोवर आमच्या भागात वाइनचं द्राक्ष म्हणजे काय हे फार थोड्यांना माहीत होतं. पुढे २००१ मधे राज्य सरकारचं वाइनसाठीचं धोरण आलं, मग सगळ्यांनी धडाधड वेली लावल्या, आणि २००८-०९ नंतर मागणी पडली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच वेली मुळासकट उपटल्या. आमच्या शिवाराशेजारच्या एका काकांनी दोन एकर काढली, मी कॉलेजला होते, ट्रॅक्टरने खोडं ओढताना बघितलंय. म्हणून टेस्टिंग रूममधे बसून कोणी वाइन म्हणजे श्रीमंतांचं फॅड म्हटलं की मला राहवत नाही. त्या ग्लासामागे कोणाचं तरी शेत असतं.

सुलाची सोव्हिन्यो ब्लांक ही व्हाइट मला उन्हाळ्यासाठी एकदम योग्य वाटली, कच्च्या कैरीसारखी, थोडी हिरव्या मिरचीच्या देठासारखी वासाला. शेनिन ब्लांक ही दुसरी व्हाइट जरा गोडसर आहे, ज्यांना पहिल्यांदाच प्यायची त्यांनी तिथून सुरुवात करा, जाऊबाईला तीच आवडली. दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही रेड नवऱ्याला आवडली, मला दुपारी दोन वाजता रेड नको वाटली, संध्याकाळी प्यायले असते तर कदाचित वेगळं लिहिलं असतं. दोघांत मिळून एक टेस्टिंग घ्या, अजिबात संकोच करू नका. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं तेही वापरा, आपल्याला ते असभ्य वाटतं पण तिथे कोणी बघतसुद्धा नाही.

आमची चूक आता सांगते. तीन ठिकाणं ठरली होती, पण मधे वेळ दिसला म्हणून एक चौथं घुसवलं. नाव लिहीत नाही. रेड आणली ती खोलीच्या तापमानाची म्हणून, पण खोली म्हणजे पत्र्याखालचा व्हरांडा, तिथे ३५-३६ डिग्री असणार. रेड १६ ते १८ डिग्रीला द्यायची असते, गरम रेडमधे नुसती दारू नाकात जाते, बाकी काही कळत नाही. मी थंड करून द्या म्हटलं तर मॅडम रेड थंड पीत नाहीत असं मलाच शिकवलं. सहाही वाइन एकाच ग्लासात, मधे धुवायला पाणी नाही, प्यायचं पाणी विकत. जेवण सव्वा तासाने. आणि ड्रायव्हर काकांना आत सावलीत बसू देईनात, गेटबाहेर उन्हात. मी मॅनेजरशी बोलले तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. माणसाला पाणी आणि सावली द्यायला कुठलं धोरण लागतं? हे मला आजही खुपतंय.

त्याच ठिकाणी गाडी दीड तास उन्हात उभी राहिली आणि डिकीतली ती गोड वाइन... बूच वर सरकलं आणि बाटलीच्या गळ्यावरून चिकट ओघळ. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच ढकलते, स्क्रूच्या झाकणाच्या बाटल्यांना बाहेरून काही दिसलं नाही पण त्याही तापल्याच होत्या. मला फार वाईट वाटलं. उन्हाळ्यात जाणार असाल तर आपल्या मासेवाल्याकडून थर्माकोलचा बॉक्स मागून घ्या, स्वच्छ धुवून वाळवा, वास जायला हवा, आत बर्फाच्या पिशव्या टाका आणि बाटल्या त्यात. किंवा सरळ सगळी खरेदी शेवटच्या ठिकाणी करा.

शेवटचं ठिकाण यॉर्क. सुलाच्या अगदी जवळ आहे, २०२१ पासून ती सुलाचीच आहे, पण जागेचा स्वभाव वेगळा. समोर गंगापूर धरणाचं पाणी. साडेपाचला पोचलो, ऊन कललं होतं, वारा सुटला होता. चौथ्या ठिकाणाने डोकं तापलेलं होतं ते इथे शांत झालं. टेस्टिंग आम्ही चौघांत दोनच घेतल्या, भरपूर पाणी प्यायलो, पाणी मागायच्या आधीच भरत होते. काकांसाठी चहा मागितला तर लगेच आला. आरोस ही त्यांची रेड तिथे बरोबर तापमानाला होती, मग कळलं की दुपारी मला रेड नको होती ती का. सूर्य पाण्यावर उतरेपर्यंत बसलो, कोणी उठा म्हटलं नाही. बाटल्या इथे घेतल्या, दोन.

परतीचं साडेसातला निघालो. समृद्धी संपली की पुढे वडपे ते माजिवडा हा तुकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, तिथे पाऊण तास गेला. घरी अकरा.

अजून थोडं. १ मेला जाऊ नका, महाराष्ट्र दिनाला ड्राय डे असतो आणि दरवर्षी सुट्टी म्हणून कोणी ना कोणी तिथे जाऊन परत येतं. सकाळी पोटभर खाऊन निघा, रिकाम्या पोटी पहिली टेस्टिंग अजिबात नको. परफ्यूम मारून जाऊ नका, ग्लासातला वासच येत नाही, हे मला त्या पहिल्या मुलाने हळूच सांगितलं आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. लहान मुलांना नेलंत तर ती दुपारपर्यंत कंटाळतात, आम्ही आमची सासूबाईंकडे ठेवली होती. पुढच्या वेळी मी दोनच ठिकाणं करणार, सकाळी एक इगतपुरीच्या बाजूला आणि संध्याकाळी एक धरणाकाठी, मधे नाशकात मिसळ आणि दोन तास सावलीत आडवं पडणं.

रात्री बाबांना फोन केला, दिवसभरात काढलेले बागेचे फोटो पाठवले. वाइन कशी होती ते त्यांनी विचारलंच नाही. फोटो मोठा करून बघितला असणार, कारण जरा वेळाने म्हणाले, "फूट एकसारखी निघालीय गं. छाटणारा चांगला आहे त्यांच्याकडे."