मन्सी फोर-स्पीड, आठ महिने चालवल्यावर

माझी १९६९ ची शेव्हेल (शेव्हरोलेची जुनी गाडी) आहे, मी मिशिगनला असतो. गाडीचा मूळ गिअरबॉक्स आधीच्या कुणीतरी कधीच काढून टाकलेला, म्हणून जुन्या पार्ट्सच्या बाजारात एक मन्सी, म्हणजे जनरल मोटर्सचा जुना चार गिअरचा हाताने बदलायचा बॉक्स, घेतला. याचे तीन प्रकार, एम-२०, एम-२१ आणि एम-२२. विकणारा म्हणाला एम-२१ आहे, क्लोज रेशो, म्हणजे गिअरांमधलं अंतर कमी. केसवर (बाहेरच्या कवचावर) ओतीव नंबर ३९२५६६०, शिक्का पी९ ने सुरू आणि शेवटी बी, म्हणजे १९६९ चा एम-२१, सगळं जुळतंय म्हणून पैसे देऊन मोकळा झालो.

घरी आणून इनपुट शाफ्टवरचं (इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्यावरचं) ग्रीस पुसलं तर स्प्लाइनवर, म्हणजे दांड्याच्या टोकावरच्या लांब दात्यांवर, दोन गोल खाचा! त्या काळात एम-२० ला दोन, एम-२१ ला एक आणि एम-२२ ला एकही नाही. साइड कव्हर खोललं, इनपुटचे दाते मोजले, २१. परत मोजले, २१च. एम-२१ ला २६ हवेत. म्हणजे केस खरी एम-२१ ची, पण आतला माल कुणीतरी कधीतरी बदललेला. शिक्का फक्त केसबद्दल सांगतो हो, आतल्या गिअरांबद्दल नाही, हे मला तेव्हा कळलं.

एम-२० चा एम-२१ करायला तसं सोपं आहे, इनपुट आणि खालचा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या गिअरांचा गठ्ठा) एवढी जोडी बदलायची, २१-२५ दात्यांच्या जागी २६-२७, वरचे बाकीचे गिअर तेच चालतात. एम-२२ चं तसं नाही, त्याचे दाते कमी तिरके म्हणून सगळा सेट लागतो (तो आवाजही त्यामुळेच करतो). मी घाईत एक जुना क्लस्टर घेतला आणि तो निघाला १९६५ च्या आधीचा, त्याची पिन (ज्यावर क्लस्टर फिरतो ती) पाऊण इंचाहून थोडी जाड, ७/८ ची, माझ्या केसला पूर्ण १ इंचाची. बसलाच नाही. १९६६ पासून पिन जाड झाली हे डोक्यात ठेवा. तसंच १९७१ पासून इनपुट १० ऐवजी २६ स्प्लाइनचा आणि आउटपुट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) २७ ऐवजी ३२ चा, म्हणजे क्लच प्लेट आणि योक (मागच्या शाफ्टचा जोड) दोन्ही बदलावे लागतात.

शेवटी एम-२० तसाच बसवला आणि आठ महिने झाले, आता बदलायचा नाही. माझा मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.३१ आहे, पहिला गिअर २.५२ असल्यामुळे सिग्नलवरून क्लच न जाळता गाडी उठते, एम-२१ च्या २.२० ने वुडवर्डच्या (डेट्रॉइटच्या मोठ्या रस्त्याच्या) गर्दीत पाय दुखला असता. दुसरा ते तिसरा मस्त पडतो, थंडीत सकाळी जरा अडतो, तेल तापलं की लोण्यासारखा.

तुम्ही घेणार असाल तर बॉक्स पहिल्या गिअरमध्ये टाका, आउटपुटला खडूची खूण करा आणि इनपुट हाताने फिरवा. आउटपुटचा एक फेरा व्हायला इनपुटला अडीच फेरे लागले तर एम-२०, सव्वादोनच्या आत झालं तर एम-२१ किंवा २२. दोन मिनिटांचं काम आहे, विकणाऱ्यासमोरच करा.